घर बंद, सरासरी

पेंग्विनचे पाय माझ्या पायांपेक्षा चार नंबरांनी मोठे आहेत. रबराचे, नारिंगी, आतून स्पंज भरलेले. दोन वर्षं मी त्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून चालत होतो. मंगळवारी सकाळी बोळे काढून टाकले तरी ते मला होईनात. शोरूमच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून मी टाच आत रेटत होतो, टाच जात नव्हती, आणि घोट्याच्या वर बोटाने दाबलं तिथे खड्डा पडला तो पडलाच. मी शेजारी दुसरा पाडला. मग तिसरा. तिन्ही खड्डे शहाण्यासारखे एका रांगेत बसून राहिले. मला गंमत वाटली, हे आता सांगायला लाज वाटते. मी काउंटरवालीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, तोंडही सुजलंय तुझं. मी म्हटलं, भूमिकेत शिरतोय. ती हसली, कात्रीने पेंग्विनच्या टाचा मागून उसवून दिल्या, माझ्या पाठीची चेन ओढली, ती अर्ध्यात अडकली, तिने पाठीला गुडघा लावून पुन्हा ओढली, आणि मी उन्हात जाऊन उभा राहिलो.

शोरूम एसीचं. एसी आत, पेंग्विन बाहेर. यात काही चुकतंय असं दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला वाटलं नाही. मॅनेजरचे नियम तीन. पेंग्विन बोलत नाही. पेंग्विन बसत नाही. पेंग्विनचं मुंडकं रस्त्यावर उतरत नाही, कारण आतून माणूस निघाला की मुलं रडतात आणि मुलं रडली की त्यांच्या आया एसी न बघताच घरी जातात. माझ्या शेजारी एक पाटी असायची, ‘कृपया पेंग्विनला त्रास देऊ नये.’ पाटी मुलांसाठी होती. पण जी मुलं त्रास द्यायची त्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता यायचं ते फारच मनावर घ्यायचे. पंखांना बोटं नाहीत आणि चेन पाठीला. म्हणजे मोकळं व्हायचं तर आधी काउंटरवाली मोकळी व्हायला हवी. मग चेन, मुंडकं, पाय, संडास, पुन्हा पाय, मुंडकं, चेन. अकरा मिनिटं. मॅनेजर बोलायचा काही नाही, नुसता घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे, जणू आमच्या दोघांत कोण जास्त चालतं ते ताडून बघतोय. मी त्याचा प्रश्न माझ्या डोक्याने सोडवला. पाणीच बंद केलं. सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट. आठ तास, मग नऊ, मग दहा. मला कोणी सांगितलं नव्हतं. हेच तर. कोणी सांगितलं असतं तर निदान त्याच्यावर डाफरता आलं असतं. मुंडक्याच्या वजनाने मान आणि कंबर धरायची, त्यावर मॅनेजरच्या खणात लाल गोळ्या होत्या, दुखणं थांबवायच्या, आणि खण उघडा ठेवण्याइतका तो उदार होता. आधी दिवसाला दोन. त्या उन्हाळ्यात सहा. मी त्या शेंगदाण्यासारख्या खायचो आणि वर पाणी प्यायचो नाही.

‘लघुशंका’ हा शब्द ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. एवढ्या सरळ गोष्टीत शंका कसली? पण त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारपासून मला ती येईनाशी झाली आणि बाकी सगळ्या शंका मात्र येत राहिल्या. सोमवारी संध्याकाळी कपाच्या तळाशी उरतो तेवढा, काळ्या चहाच्या रंगाचा ऐवज पडला. मी मनात म्हटलं, वा, शरीर तयार झालं शेवटी. मंगळवारी दुपारी मुंडक्याच्या आत ओकारी झाली. मुंडकं उतरवायचं नाही हा नियम, आणि उतरवायला बोटं नाहीत, म्हणून मी तसाच उभा राहिलो, नाकाशी माझंच आंबट घेऊन, डोळ्यांच्या जाळीतून रस्ता पिवळा दिसत होता. मग रस्ता वर आला. मी आडवा झालो तेव्हा समोर तीन मुलं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणालं, पुन्हा कर. मला त्या मुलाचा आवाज अजून पाठ आहे आणि मला त्याचा अजून राग येतो, ते चार वर्षांचं होतं तरी. मॅनेजरने मला पायांना धरून आत ओढत नेलं आणि आत गेल्यावरच मुंडकं काढलं. नियम मोडला नाही गड्याने.

हॉस्पिटलात एका थकलेल्या डॉक्टरने विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? मी म्हटलं, मला माहीत नाही, पेंग्विनला विचारा. त्याने कागदावर लिहिलं, ‘असंबद्ध बोलतो.’ मी म्हटलं, अहो, विनोद होता तो. त्याने तेही लिहून घेतलं असावं, कारण पुढचे दोन दिवस मी काहीही बोललो की नर्स डोळ्यांत बॅटरी मारायची. जन्मभर मी विनोद करत आलो आणि शेवटी तो लक्षणात धरला गेला. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. रक्तात एवढी घाण साठली होती की मी खरोखर असंबद्ध बोलत होतो, फक्त माझं आधीचं बोलणं आणि हे यात फरक कुणाला करता येईना. मानेत नळी घातली, मशीनला जोडलं, चार तास माझं रक्त बाहेर जाऊन, धुऊन, आत येत राहिलं. मशीन माझ्याहून कामसू होतं. अधूनमधून शिट्टी वाजवायचं, तेवढाच त्याचा विनोद.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते एका पिशवीत टॉवेल, दुसऱ्या पिशवीत माझी चप्पल आणि खिशात लाल-निळं असं दोन टोकांचं पेन घेऊन. आल्या आल्या पलंगाकडे न बघता खाटेला अडकवलेल्या तक्त्याकडे गेले. बाबा पाणीखात्यात होते. एकतीस वर्षं मीटर वाचले त्यांनी, घरोघर जाऊन, फुटपाथवरची झाकणं उचलून, जिन्याखाली वाकून. रिटायर झाल्यावरही कुणाच्या घरी गेले की आधी मीटर कुठे आहे ते बघतात, मग माणसं. तक्त्यावर दोन रकाने होते, किती पाणी प्यायला आणि किती लघवी झाली. बाबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं काहीतरी आलं. ते बघूनच माझं डोकं तडकलं.

किडनीवाल्या डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या, भरभर बोलायच्या, आणि त्यांनी सगळं बाबांना समजावलं, मला नाही. म्हणाल्या, पाणी कमी पडलं की किडनी आधी काटकसर करते. आहे तेवढं धरून ठेवते, लघवी घट्ट करते, थोडी करते. ती तेव्हा याला वाचवतच होती. तिच्याकडे रक्त कमी येत होतं, तरी ती आपली आतली वाट ओढूनताणून उघडी ठेवून होती. या गोळ्यांनी तीच वाट आवळली. बाबा म्हणाले, व्हॉल्व्ह. बाई म्हणाल्या, हो, तसंच. मग रक्ताविना बारीक नळ्यांच्या आतलं अस्तर मरायला लागलं, मेलेल्या पेशी सुटून नळीतच पडल्या, नळ्या तुंबल्या. बाबा म्हणाले, गाळ. बाई म्हणाल्या, गाळच. अशा किती नळ्या असतात, बाबांनी विचारलं. एका किडनीत दहा लाखांच्या आसपास. बाबांनी चष्मा काढला. ‘आमच्या अख्ख्या विभागात चाळीस हजार कनेक्शनं होती,’ ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघितलं. मी त्या दोघांच्या मधे पडलो होतो, सुजलेला, ओठ फुटलेले, आणि ते माझ्यावरून पाइपलाइनच्या गप्पा मारत होते. माझी किडनी नापास झाली होती आणि पालकसभा छान चालली होती.

खरा मुद्दा बाईंनी जाताना सांगितला, तोही बाबांनाच. नळ्यांचं अस्तर गेलं तरी खालची चौकट बहुतेक शाबूत असते. वाचलेल्या पेशी पसरतात, चपट्या होऊन उघडी जागा झाकतात, मग वाढतात, भरतात. एक आठवडा, दोन, तीन. सुरू झाली तर बहुधा पूर्ण सुधारेल, वय आहे त्याचं. जितके दिवस लागतील तितकं अवघड. आणि नाहीच झाली तर आठवड्यातून तीनदा मशीन, कायमचं. तोवर पाणी मोजून. अर्धा लिटर, अधिक आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल तेवढं. ‘तेव्हा ते भांडं नीट मोजायचं. मी त्या आकड्यावर सगळं ठरवते.’ बाबा म्हणाले, आकड्याची काळजी करू नका, तेच केलंय आयुष्यभर.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका सुट्टीत ते मला त्यांच्या राउंडवर घेऊन गेले होते. मला वाटलं होतं पाणीखातं म्हणजे धरण वगैरे असेल. ती निघाली नुसती दारं. बाबा एका दारावर दोनदा टकटक करायचे, उघडलं तर आत जाऊन वाकायचे, आकडा वहीत, पुढचं दार. नाही उघडलं तर वहीतल्या मागच्या तीन आकड्यांवर एकदा नजर टाकून लाल टोकाने काहीतरी लिहायचे आणि पुढे. मी विचारलं, न बघता काय लिहिता? म्हणाले, घर बंद, सरासरी. मागचे तीन बघायचे, मधला आकडा टाकायचा. एका बंद दाराशी मी कान लावला तर आत रेडिओ चालू होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं. मी म्हटलं, बाबा, आत माणूस आहे. ते म्हणाले, ‘दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवायचा नियम नाही. उघडलं नाही म्हणजे घर बंद.’ आणि चालायला लागले. मी मागे वळून बघत राहिलो. खिडकीत एक बाई आली, ओल्या हातांनी, कोण वाजवत होतं ते बघायला. तोवर आम्ही तीन घरं पुढे होतो आणि त्या बाईने महिन्याभरात किती पाणी वापरलं ते कायमचं ठरून गेलं होतं. ती बाई मला का आठवावी. पण मानेत नळी घालून पडलं की माणसाला असल्याच बायका आठवतात.

पुढे मला कळत गेलं की तो नियम फक्त पाण्यापुरता नव्हता. प्रगतिपुस्तकावर सही करताना बाबा मागच्या तीन परीक्षांकडे बघायचे आणि म्हणायचे, ठीक. मी नाटकात न्हावी झालो तेव्हा ठीक, कॉलेज सोडलं तेव्हा दोन दिवस गप्प आणि मग ठीक. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ‘शोरूमला असतो.’ यात खोटं काही नाही. शोरूमला मी असायचोच. आणि एकदा तर ते आले तिथे. दुपारी चारच्या सुमारास, छत्री उन्हासाठी धरून, थेट माझ्यासमोर. मला वाटलं माझं काळीज मुंडक्यातून उडी मारणार. त्यांनी पाटी वाचली. मग मला, म्हणजे पेंग्विनला, विचारलं, ‘आत कुठून जायचं हो?’ मला अहोजाहो करणारा पहिला माणूस माझा बाप. मी पंखाने दार दाखवलं. बोलायचं नव्हतं. काचेतून मला दिसलं, मॅनेजरने त्यांना बाहेर बोट दाखवलं, सरळ माझ्याकडे. बाबा बाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जाळीतून मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो. त्यांना माझ्या जागी दोन काळी प्लॅस्टिकची बुबुळं दिसत असणार. पाच सेकंद असतील. मग त्यांनी छत्री उघडली आणि गेले. घरी म्हणाले, तू भेटला नाहीस, कामाने बाहेर गेला असशील. मी म्हटलं, हो, गेलो होतो. त्यांना कळलं होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. राग येण्यासाठी ते कळण्याची गरज नव्हती.

तर आकडे. पहिल्या आठवड्यात चाळीस मिली, तीस, पंचेचाळीस, वीस. लघवीची नळी बाईंनी काढून टाकली होती. म्हणाल्या, एवढ्याशासाठी आत ठेवून ताप कशाला आणायचा. सिस्टर एक आणि पेशंट सव्वीस, म्हणून भांडं बाबांकडे. मला तहान अशी लागायची की मी भिंतीवरचा ओलीचा डाग चाटायच्या विचारात होतो. तोंडात कापूस, कापसात वाळू. ओला बोळा ओठांवर फिरवायचे बाबा, मी बोळा चोखायचो, ते तो हळूच काढून घ्यायचे. पाणी द्या म्हटलं की तक्ता दाखवायचे. एकदा मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यात पाणीखात्याचाही उल्लेख होता. ते भांडं घेऊन बाथरूमकडे गेले, बराच वेळ नळाचा आवाज आला, आणि दुसऱ्या दिवशी तक्त्यावर दोनशे ऐंशी होते. मग तीनशे दहा. मग दोनशे पंच्याण्णव. निळ्या टोकाने, सुंदर अक्षरात.

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण मला तेव्हा पुष्कळच गोष्टी आठवत नव्हत्या. गुंगीत केली असेल म्हटलं. खरं सांगायचं तर मी खूष झालो. तीनशे दहा! मी तो आकडा जिभेवर घोळवला. शेजारच्या खाटेवरच्या काकांना सांगितला. मनातल्या मनात त्या चपट्या पेशी पसरताना बघितल्या, हातात हात घालून, उघड्या नळ्या झाकत. आईला फोनवर सांगितलं, ती रडली. बाई म्हणाल्या, क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातल्या घाणीचा आकडा, अजून वर आहे, पण ते मागाहून उतरतं, आधी लघवीच वाढते, तेव्हा चांगली खूण आहे. सोमवारचं मशीन आपण थांबवून बघू. आणि माझं पाणी वाढलं. अर्ध्याचं आठशे झालं. मी एकेक घोट तोंडात धरून ठेवायचो, गालांत फिरवायचो, मग गिळायचो. बाबा बघत बसायचे. मी प्यायलो की त्यांचाही कंठ हलायचा.

सोमवारी दुपारी जेवणाची ताटं उचलत असताना मला श्वास लागला. आधी वाटलं उशी पातळ आहे. मी उठून बसलो. बसूनही पुरेना. छातीत कुणीतरी बुडबुडे काढत होतं, नळीने सरबत पिताना तळाशी येतो तसा आवाज, आणि तो आवाज मी होतो. मला हवा दिसत होती, खिडकीत, पडद्यात, सगळ्या वॉर्डभर. फक्त माझ्यात जागा नव्हती. वजनाचा काटा शनिवारपासून बायकांच्या वॉर्डात गेला होता, तो नेमका तेव्हा परत आला. मला दोघांनी धरून त्यावर उभं केलं. चार किलो वाढलो होतो. बाई धावत आल्या, काटा बघितला, तक्ता बघितला, पुन्हा काटा. इतकी लघवी करून हा माणूस चार किलोंनी वाढतो कसा, त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं. मग रक्ताचा कागद आला, पोटॅशियम जिथे हृदय बंद पडतं त्याच्या अलीकडच्याच घरात होतं. मला ढकलत मशीनकडे नेताना मी मान वळवून बाबांकडे बघितलं. ते भांडं दोन्ही हातांत धरून उभे होते. भांडं कोरडं होतं. तेव्हा मला कळलं. मला श्वास येत नव्हता, तरी रागाला लागतो तेवढा कुठून आला कोण जाणे.

बाबांना बाई व्हरांड्यात काय बोलल्या ते मला सिस्टरने सांगितलं. तुम्ही हे का केलंत, तर बाबा म्हणाले, भांडं रिकामं होतं, म्हणून सरासरी टाकली. कसली सरासरी? निरोगी माणसाची किती असते ते सिस्टरांना विचारलं होतं, म्हणाल्या पंधराशे. एकदम तेवढं लिहिलं तर वरून चौकशी होते, म्हणून बेताचं टाकलं. बाईंनी तक्त्यावरचे ते आकडे खोडले म्हणे. मग म्हणाल्या, काका, तुमच्या बेताने तो गेला असता. बाबांचं पेन सिस्टरने काढून घेतलं. आई दुपारची आली तेव्हा माझ्या पायाशी बसून हळूच म्हणाली, ‘तू पाणी पाणी करत होतास. आकडा वाढला तर पाणी वाढेल, एवढंच आलं त्यांच्या डोक्यात. कुणाचं पाणी तोडायची वेळ आली की ते जेवायचे नाहीत, तुला माहीत नाही.’ मी म्हटलं, मला काही सांगू नकोस. मला माहीत नव्हतं, हे खरं. त्यामुळे राग कमी व्हायला हवा होता. तो नुसता अवघड झाला. ज्याच्यावर ओरडायचं त्याने आपल्याला पाणीच पाजलेलं असलं की ओरडण्याची लय जाते. त्यातून ते पाणी मीच मागितलं होतं. मॅनेजरच्या खणातल्या गोळ्या मीच घेतल्या होत्या. जिकडे बोट दाखवावं तिकडे मीच आधी जाऊन बसलेलो.

त्या दिवसापासून बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत आले नाहीत, घरीही गेले नाहीत. दारातल्या काचेतून त्यांची छत्री दिसायची. सिस्टर मोजायची. तीस. वीस. पंचवीस. शून्य. खरं शून्य, तिच्या घाईच्या अक्षरात. मी ते शून्य बघत पडायचो आणि मला दोनशे ऐंशीची आठवण यायची. लाज वाटते, पण यायची.

सतराव्या दिवशी सकाळी मला शंका आली. लघु. मी म्हटलं, असेल सवयीने. भांडं धरलं, आणि आवाज झाला. प्लॅस्टिकवर पाणी पडल्याचा, किरकोळ, कुणाच्याही घरात होतो तसा. एकशे ऐंशी. सिस्टरने दोनदा बघितलं, बाईंनी काटा मागवला; वजन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सहाशे. मग दीड लिटर. मग बत्तीसशे. मग चार लिटर आठशे, आणि मी दर अर्ध्या तासाला बाथरूमकडे पळायला लागलो, कंबरेचा पट्टा धरून, सलाइनची काठी ओढत. बाई म्हणाल्या, पेशी नव्या आहेत, जागा भरलीय पण काम अजून येत नाही, पाणी परत ओढून घेणं त्यांना जमत नाही, आलं की सोडतात. आठवडाभर असंच. आता उलटी भीती, कोरडा पडशील. पी. जेवढं जातं तेवढं पी. अठरा दिवस ज्याला घोट मोजून मिळाला त्याला आता प्यायचा कंटाळा आला तर सिस्टर ओरडायची. क्रिएटिनिन एका जागी थांबलं, मग उतरायला लागलं, पाहुण्यासारखं, दारात रेंगाळत. मशीन सुटलं. मानेतली नळी निघाली.

आणि सिस्टरचा जीव मेटाकुटीला आला. सव्वीस पेशंट आणि त्यातला एक नळ. या पळापळीच्या तिसऱ्या दिवशी तिने व्हरांड्यात जाऊन बाबांना भांडं दिलं आणि पेनही दिलं, लाल टोक बोळा घालून बंद केलेलं. बाबा आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. मी भरलेलं भांडं त्यांच्यापुढे आदळलं, थोडं सांडलं त्यांच्या हातावर. त्यांनी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, हलायचं थांबेपर्यंत वाट बघितली, गुडघे कडकड वाजवत खाली बसले, डोळा पाण्याच्या रेघेशी आणला, एक मिटला. सातशे पंचवीस, ते म्हणाले. मग, ‘सांडलेलं वीस धरू का?’ मी भिंतीकडे वळलो. त्यांनी सातशे पंचवीस लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरात, ‘थोडे सांडले.’

दुपारी मी बाथरूममध्ये गेलो आणि आतून कडी लावली. वॉर्डात कडी लावायची नसते. मी भांडं मांडीवर घेऊन उलट्या बादलीवर बसून राहिलो. जायचं होतं, दोन मिनिटांपूर्वीच जायचं होतं, पण मी धरून ठेवलं. दोन वर्षांची साधना, पाच-दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. मला कुणाला काही द्यायचं नव्हतं. आकडासुद्धा. नळ ठिबकत होता. बाहेर चपलांचा आवाज आला, थांबला. दारावर टकटक झाली.

‘किती?’ बाबा म्हणाले.

पुन्हा टकटक. दुसरी.

‘लावा सरासरी,’ मी म्हटलं.

बाहेर काही हललं नाही. मग मी ते विचारलं, दाराला, कारण दाराला विचारायला सोपं होतं. ‘शोरूमला आला होतात ना, तेव्हा पेंग्विन मी होतो. कळलं होतं तुम्हाला?’

मी हात लांबवून नळ पिळून बंद केला.

‘कळलं होतं,’ बाबा म्हणाले. ‘उभं राहायची ढब तुझीच.’

‘मग?’

‘पाटी होती तिथे. त्रास देऊ नये म्हणून.’

मला हसू आलं आणि त्या हसण्याचा एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, जे तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. हसल्यामुळे धरलेलंही सुटलं. मी भांडं कसंबसं खाली धरलं. ते भरत होतं, मोठ्याने, निर्लज्जपणे, दोनशेची रेघ गेली, तीनशेची गेली, आणि आत माणूस आहे हे सगळ्या वॉर्डाला ऐकू जात असणार. मी कान देऊन होतो. चपला आता वाजतील. तीन घरं पुढे जातील. कडी मी काढणार नव्हतो, निदान एवढ्यात तरी नाही.

चपला वाजल्या नाहीत. चारशेच्या जरा वर धार थांबली, आणि दार तिसऱ्यांदा वाजलं.